सत्कार कोणाचा करायचा?

प्रश्न : आमच्या भागातल्या मुलींचा हॉकी संघ गेल्या वर्षी साखळीतले सगळे सामने हरला होता, यंदा उपांत्य फेरीत पोचला. मंडळाला सत्कार करायचाय. काहीजण नव्या कोचचं नाव घेतात, काहीजण सर्वांत जास्त गोल करणाऱ्या मुलीचं. एक काका म्हणतात, ‘टर्फ मिळालं म्हणून जमलं.’ खरं कोणाचं? – एक पालक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दोन्ही वर्षांच्या स्कोअरशीट शेजारी ठेवा आणि फक्त त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने बघा. गट सोपा मिळाला असेल तर वाद तिथंच मिटतो.

मग गोल कसे झाले ते पाहा. पेनल्टी कॉर्नरवरचे (समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवरचे) वाढले असतील, तर शीटवर नाव फ्लिक, म्हणजे स्टिकनं चेंडू उचलून मारणारीचं असतं, पण काम तिघींचं. पहिली गोलपोस्टपासून निदान १० मीटरवर, मागच्या रेषेवरून चेंडू ढकलते. दुसरी तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर अडवते. तिसरी मारते. ढकलताना चेंडू जरा उडाला, किंवा अडवणारीची स्टिक जमिनीला टेकलेली नसली, की तो निसटतो. तो सावरेपर्यंत बचावातली पहिली धावणारी अंगावर येते आणि फ्लिक तिच्या स्टिकवर आदळते. सरावात ३० चेंडू ढकलून बघा, किती जागच्या जागी थांबतात ते मोजा. श्रेय कुठं मुरलंय ते कळेल.

इथं काकांचंही थोडं खरं आहे. मातीवर चेंडू उसळतो, अडवणं अवघड जातं. पण समोरच्या संघांनाही टर्फ मिळालं असेल, तर तो मुद्दा संपला.

कोचसाठी चौथा क्वार्टर पाहा. शेवटच्या १५ मिनिटांत खाल्लेले गोल कमी झाले असतील, तर दम वाढलाय, किंवा बदली खेळाडू वेळेवर उतरतायत. खेळाडू कितीही वेळा बदलता येते, त्यामुळे थकलेली मुलगी मैदानात राहिली तर चूक बेंचची. कार्डं घटली असतील, तर तेही बहुधा कोचच्या खात्यात टाका.

आपल्या महिला संघाचंच बघा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १२ संघांत बारावा, पुढच्या टोकियोत चौथा. टोकियोतही पहिले तीन सामने हरूनच. श्रेय मुख्य प्रशिक्षक श्योर्ड मारिन यांना मिळालं, ते योग्यच. पण फिटनेस सांभाळणाऱ्या वेन लोम्बार्ड यांचं नाव किती जणांना आठवतं? आणि खेळाडू काही सगळ्या नव्या नव्हत्या. रिओची कर्णधार सुशीला चानू टोकियोतही खेळली. ती तर आपल्या ग्वाल्हेरच्याच अकादमीत घडलेली.

कोचचा सत्कार करा, गोल करणारीचाही करा. फक्त यादी छापायला देण्याआधी कॉर्नर ढकलणारी आणि अडवणारी कोण, एवढं मुलींना विचारून घ्या. मंडळातल्या कोणाला ते माहीत असेल, असं वाटत नाही.