हायड्रोजनची गाडी: हिशेब युनिटमध्येच मांडू

हायड्रोजन पेट्रोलसारखाच जळत असेल, तर या गाडीला इलेक्ट्रिक का म्हणायचे?

जळत नाही. चाके मोटरच फिरवते, फक्त तिला लागणारी वीज गाडीतच तयार होते. ती तयार करणाऱ्या फ्युएल सेलच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर. एका बाजूला हायड्रोजन येतो, तिथे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा मागे उरलेल्या प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो. मग इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात, आणि जाता जाता मोटर फिरवतात. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी तयार. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी अशी ‘वायू-बॅटरी’ १८३९ च्या सुमारासच करून दाखवली होती, आणि १९६५ मध्ये पडद्याचे सेल अमेरिकेच्या जेमिनी ५ यानातून अवकाशातही गेले.

एका सेलमधून चालू गाडीत ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून सेलची चळत रचावी लागते. टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन कारच्या दुसऱ्या पिढीत असे ३३० सेल आहेत. शिवाय बॅटरी सुटत नाहीच! एकदम वेग घ्यायला आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीज साठवायला एक छोटी बॅटरी बसवावीच लागते.

पाण्यातून हायड्रोजन निघतो आणि शेवटी पाणीच उरते. मग गाडीत पाणीच भरून का चालवत नाहीत?

हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो, सोबत कुठल्या तरी ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’चा व्हिडिओ असतो. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. तिच्यातून पुन्हा इंधन काढायचे तर जेवढी ऊर्जा मिळाली त्याहून जास्त घालावी लागते. व्हिडिओ पुढे पाठवू नका.

बॅटरी चार्ज होईपर्यंत ताटकळावे लागते, हायड्रोजन पाच मिनिटांत भरतो. तरीही तुम्ही हायड्रोजन कारबद्दल एवढे थंड का?

कारण मी युनिट मोजतो. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. पण विजेने पाण्याचे विघटन करून तो किलो मिळवायला ५० ते ५५ युनिट खर्च होतात. मग तो ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट दाबाखाली कोंबायचा आणि भरण्यापूर्वी थंडही करायचा. त्यासाठी आणखी काही युनिट धरा, म्हणजे आपण साठच्या आसपास आलो. गाडीतला फ्युएल सेल किलोतल्या त्या ३३ युनिटांपैकी साधारण निम्मे, म्हणजे सोळा-सतरा युनिट विजेच्या रूपात परत देतो. बाकीची उष्णता. तीही सत्तर-ऐंशी अंशांची, इंजिनाच्या मानाने कोमटच म्हणावी अशी. म्हणून ती बाहेर टाकायला मोठा रेडिएटर लागतो.

तीच साठ युनिट थेट बॅटरीत भरली तर चार्जिंगमधली गळती धरूनही पन्नासच्या आसपास मोटरपर्यंत पोहोचतात. एकाच विजेवर अंतर जवळजवळ तिप्पट. फ्युएल सेल कितीही सुधारला तरी विघटन आणि दाब या दोन पायऱ्यांवरची गळती तो भरून काढू शकत नाही.

पाच मिनिटांचेही जरा बारकाईने पाहा. वेगाने भरताना टाकी तापते, म्हणून वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडतात. लागोपाठ काही गाड्या आल्या की पंपाला पुन्हा दाब चढवायला वेळ लागतो. तुमचा क्रमांक चौथा असेल तर पाच मिनिटे विसरा. आणि बॅटरीची गाडी रात्री उभ्या जागी चार्ज होते, तेव्हा कोणी ताटकळत नसते. हायड्रोजनला मात्र पंपावर जावेच लागते, आणि पंप आधी बांधावा लागतो.

मात्र लांब पल्ल्याबद्दल हायड्रोजनला दाद द्यायला हवी. ५.६ किलो हायड्रोजनमध्ये मिराई कागदोपत्री ६५० किलोमीटरच्या आसपास जाते.

७०० बारची टाकी म्हणजे बॉम्बच नव्हे का?

टाकी कार्बन फायबरची असते. आग लागून ती तापलीच तर एक झडप उघडून वायू ठरलेल्या दिशेने बाहेर सोडते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, उघड्यावर झपाट्याने वर निघून जातो. मला काळजी वाटते ती बंदिस्त जागेची. हवेत त्याचे प्रमाण ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो पेट घेतो, ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते आणि दिवसा ज्योत जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा वासही मिसळता येत नाही, कारण त्यातल्या गंधकाने प्लॅटिनम निकामी होते. म्हणून सगळी भिस्त सेन्सरवर.

जून २०१९ मध्ये नॉर्वेत सँडविका इथे स्फोट झाला तो गाडीत नव्हे, पंपावर. साठवण टाकीच्या तोंडाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. जीवितहानी झाली नाही.

धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही, असे धरायचे का?

हायड्रोजन कुठून आला ते आधी विचारा. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक किलो हायड्रोजनवर कार शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते, म्हणजे दर किलोमीटरला ८०-९० ग्रॅम. पेट्रोलपेक्षा कमी, पण ‘शून्य’ मुळीच नाही.

आणि ट्रक, बस, रेल्वे?

इथे मी एवढा ठाम नाही. बॅटरीचे वजन मालाच्या जागेवर येते आणि सलग चालणाऱ्या गाडीला थांबणे परवडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ह्युंदाईचे एक्सिएंट ट्रक २०२० पासून धावू लागले, जर्मनीत आल्स्टॉम कंपनीची हायड्रोजन रेल्वे २०१८ मध्ये. पण अवजड ट्रकच्या बॅटऱ्याही सुधारत आहेत. त्यामुळे वाहतूक कंपनीने विचारले तर मी दोन गोष्टी पाहतो: गाड्या रोज एकाच डेपोत परत येतात का, आणि स्वच्छ हायड्रोजन जवळच बनतो का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तरच पुढे बोलू. नाहीतर तो हायड्रोजन खत कारखान्यांना आणि रिफायनऱ्यांना द्यावा. त्यांना तो आजही टनांनी लागतो आणि तिथे बॅटरीचा पर्याय नाही.