मिशनमधल्या मेक्सिकन सणाचे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा कोणता न्यावा, परवानगी लागते का?

तुम्ही बे एरियात नवीन आहात, २ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात जायचं म्हणताय आणि 'रंगवलेल्या कवट्यांचे' फोटो हवेत असं लिहिलंय. म्हणजे 'दिया दे लोस मुएर्तोस', मृतांचा दिवस. मी आतापर्यंत पाच-सहा वेळा गेलेय. कॅमेऱ्याचं सांगतेच, पण त्याआधी थोडं दुसरं.

हा हॅलोविन नाही. १ नोव्हेंबर गेलेल्या लहान मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. आपलं गेलेलं माणूस या दिवसांत घरी येतं अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याच्यासाठी 'ओफ्रेंदा', म्हणजे वेदी मांडतात. त्यात फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, 'पान दे मुएर्तो' नावाचा गोड पाव, त्याच्या आवडीचं खाणं आणि झेंडूचे ढीग असतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. झेंडू तर मूळचा मेक्सिकोचाच. तिथे त्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात. मूळ नाहुआत्ल शब्दाचा अर्थ 'वीस फूल'. दसऱ्याचं तोरण ओवल्यावर बोटांना जो उग्र वास राहतो, तोच वास त्या संध्याकाळी वेद्यांजवळ दरवळत असतो. मिशनमध्ये हा सण चार भिंतींबाहेर यायला गॅलेरिया दे ला रासा या कलासंस्थेचा मोठा हातभार लागला. १९७२ साली तिने त्यावर प्रदर्शन भरवलं होतं.

पहिल्या वर्षी मी एका वेदीसमोर बसलेल्या बाईंचा फोटो न विचारता काढला, तोही फ्लॅश मारून. त्या काही बोलल्या नाहीत. वळून पाहिलं आणि समोरची फोटोची चौकट उचलून स्वतःकडे फिरवून घेतली. मला फार लागलं ते. फोटो त्याच रात्री पुसला.

पुढच्या वर्षी पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवला. पार्कात एक तरुण वडिलांची वेदी मांडत होता. वडील घरं रंगवायचे. खोक्यावर रंगाने कडक झालेला ब्रश, टाचेला झिजलेले बूट, मोजायची टेप आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. पाणी कशासाठी विचारलं, तर म्हणाला, इतक्या लांबून येणार, तहान लागेल ना. मग त्याने फुलांची पिशवी माझ्याकडे सरकवली. अर्धा तास मी पाकळ्या खुडत बसले. शेवटी तोच म्हणाला, आता काढ फोटो. ब्रश सरळ करणाऱ्या त्याच्या हाताचा तो फोटो माझ्याकडचा सगळ्यांत चांगला आहे.

तर परवानगी. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला अमेरिकेत कायद्याची अडचण नाही. पण वेदी हे कुणाचं तरी देवघर आहे, तिथे विचारायचंच. 'पुएदो तोमार उना फोतो?' एवढं स्पॅनिश पुरतं. होकारार्थी मान हलली नाही तर पुढे चला. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारा. आणि हे फार महत्त्वाचं: या भागात स्थलांतरित कुटुंबं खूप आहेत, सगळ्यांचीच कागदपत्रं पक्की असतील असं नाही. ओळखू येणारा चेहरा ठिकाणाच्या नावासकट ऑनलाइन टाकण्याआधी त्या माणसाला वेगळं विचारा.

आता कॅमेरा. कुठलाही चालेल, लेन्स मात्र उजेड घेणारी हवी. मी ३५ मिमी, एफ १.८ (हा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड) एवढीच नेते. झूम नेली की माणूस लांब उभा राहतो, आणि इथे लांबून काही मिळत नाही. अंधार पडला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, शटर १/१२५ सेकंदाहून हळू नको. फ्लॅश बंद. कवटीसारखा पांढरा रंग फासलेला चेहरा आणि मागे काळोख, अशा वेळी कॅमेरा फसतो आणि चेहरा जाळून, म्हणजे नुसता पांढराफटक करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उणे ठेवा (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा). ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेली रंगछटा) मेणबत्तीचा पिवळा उजेड धुऊन काढतो, म्हणून डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढा. डोळ्यांभोवती काळा रंग असला की माझ्या कॅमेऱ्याचा आय-फोकस (डोळे शोधून आपोआप होणारा फोकस) चुकतो, तिथे मी फोकसचा ठिपका स्वतः हलवते.

त्या संध्याकाळी मिरवणूक निघते, तिच्यात अ‍ॅझ्टेक नर्तक असतात, त्यांना 'दान्सान्ते' म्हणतात. त्यांच्या अंगावरचा पोशाख आणि पिसं नाटकाचा वेश नाही, पिसांना हात लावू नका. घोट्यांना वाळक्या बियांचे घोस बांधलेले असतात, पाऊल आपटलं की पावसासारखा आवाज येतो. खाली बसा, पायांचे फोटो काढा. धुपाटण्यातून कोपाल नावाच्या धुपाचा धूर निघतो; दिवा किंवा मावळता सूर्य धुराच्या मागे येईल असं उभं राहिलात तरच तो फोटोत दिसेल, समोरून उजेड असला तर नाही.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचा, वेद्या मांडताना बघायला मिळतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे २ तारखेचा सूर्यास्त कधी सहानंतर तर कधी पाचनंतरच होतो, आधी बघून घ्या. वेद्यांचं ठिकाण आणि मिरवणुकीचा मार्गही बदलतो, तो त्या वर्षीचा तपासा. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही. बार्ट या इथल्या लोकल रेल्वेने या, '२४वा रस्ता, मिशन' स्टेशनवर उतरा. जाड जॅकेट आणि जास्तीची बॅटरी घ्या. ज्यांचे फोटो काढाल त्यांचा नंबर घेऊन ठेवा, आणि ४ बाय ६चे प्रिंट काढून नेऊन द्या. मी पुढच्या वर्षी नेते, बहुतेक जण त्याच जागी भेटतात.