मानी व्हेजिटा का नाचला?

प्रश्न : माझे दोन्ही मुलगे ‘ड्रॅगन बॉल’ ही जपानी कार्टून मालिका हिंदीतून पाहत मोठे झाले. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलांचा वेशभूषेचा कार्यक्रम असतो. धाकट्याला त्यात व्हेजिटा व्हायचे आहे आणि त्याच्या बायकोच्या, बुल्माच्या, वाढदिवसाच्या मेजवानीत व्हेजिटा जो ‘बिंगो’चा नाच करतो, तो करून दाखवायचा आहे. थोरला मात्र चिडला आहे. व्हेजिटासारखा राजपुत्र असे चाळे करणेच शक्य नाही, तो प्रसंग लिहिणाऱ्यांनी पात्राची माती केली, असे त्याचे म्हणणे आहे. यात खरे कोणाचे? आणि मला स्वतःला ही गोष्ट समजून घ्यायची असेल, तर कोणते भाग पाहावेत?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : थोरल्याचा राग समजण्यासारखा आहे. ज्या पात्राला त्याने आपल्या कपड्यांवरची धूळसुद्धा अपमान मानताना पाहिले, ते पात्र ओठांवर बळेच हसू आणून, हात उडवत, गाणे म्हणत सगळ्यांसमोर नाचू लागले, की प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. पडद्यावरचे त्याचे सोबतीही तोंड उघडे टाकून पाहत राहतात. तरीही माझा कौल धाकट्याच्या बाजूने आहे.

हा प्रसंग 2013 साली जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ या चित्रपटातला आहे आणि ती कथा पुढे 2015 पासून ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या मालिकेत पुन्हा सांगितली गेली. विनाशाचा देव बीरूस पृथ्वीवर, तेही ऐन मेजवानीत येऊन बसला आहे. मालिकेचा नायक आणि व्हेजिटाचा जुना प्रतिस्पर्धी गोकू याने त्याच्याशी आधीच झुंज घेतली आहे आणि काही क्षणांतच हार पत्करली आहे. बीरूसला राग आला तर तो सबंध ग्रह नष्ट करू शकतो, याची खरी जाणीव त्या मेजवानीत एकट्या व्हेजिटाला आहे, आणि ती केवळ ऐकीव नाही. लहानपणी त्याने आपल्या वडिलांना, म्हणजे सैयन जमातीच्या राजाला, याच बीरूसच्या पायाशी लोळण घेताना आणि बीरूसचा पाय त्यांच्या डोक्यावर असताना पाहिलेले आहे. भोवतालचे लोक खाण्यापिण्यात आणि थट्टेत रमलेले आहेत, बीरूसचा पारा चढू लागलेला आहे, आणि अशा वेळी तो स्वतः पुढे होऊन नाचतो. मान राखायचा की माणसे राखायची, असा प्रश्न पडल्यावर त्याने माणसे निवडली. ज्याला मानच नाही त्याच्या नाचण्याला काय किंमत असणार? व्हेजिटाला ते किती महाग पडते, हे त्याच्या घामाने डबडबलेल्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. गांडीवधारी अर्जुन विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवत होता आणि भीम तिथल्या मुदपाकखान्यात राबत होता. त्यामुळे कुरुक्षेत्रावरच्या त्यांच्या पराक्रमाला उणेपणा आला, असे कोणी म्हणत नाही. फरक एवढाच की अर्जुनाला वेशांतराचा आडोसा होता आणि भाऊ व द्रौपदी सोडली, तर त्याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते. व्हेजिटाने हे आपल्या बायकोसमोर, मुलासमोर आणि ज्यांच्यापुढे आयुष्यभर ताठ मानेने वावरला त्या सगळ्यांसमोर केले, म्हणून त्याचे करणे मला अधिक अवघड वाटते.

थोरल्याला त्याच मेजवानीचा पुढचा भाग पुन्हा पाहायला सांगावे. बुल्मा रागाने बीरूसला थोबाडीत मारते, बीरूस तिला उलट मारतो, आणि ज्या देवापुढे व्हेजिटा आतापर्यंत जीव मुठीत धरून वागत होता त्याच्याच अंगावर तो ‘माझ्या बुल्माला!’ असे ओरडत तुटून पडतो. त्या क्षणी त्याचे बळ गोकूच्याही पुढे गेल्याचे पाहणारे मान्य करतात. नाच आणि हा हल्ला यांचे मूळ एकच आहे. नाच कापून टाकला, तर हा हल्लाही नेहमीच्या आदळआपटीइतकाच उरेल.

शिवाय हा बदल एका मेजवानीत झालेला नाही. प्रथम पृथ्वीवर आला तेव्हा हरलेल्या नाप्पाला, स्वतःच्याच साथीदाराला, त्याने ठार केले होते. नामेक ग्रहावर मरताना मात्र त्याने आयुष्यभर ज्याला तुच्छ लेखले त्या गोकूला, या जुलमी फ्रीझाचा नाश कर, अशी डोळ्यांत पाणी आणून विनंती केली. पुढे याच गर्वापायी त्याने सेल या शत्रूला पूर्ण रूप घेऊ दिले आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. बू या राक्षसाच्या पर्वात पुन्हा मत्सराने आंधळा होऊन बाबिडी या मांत्रिकाची गुलामी ओढवून घेतली आणि स्पर्धेला आलेल्या निरपराध प्रेक्षकांचे बळी घेतले. पण त्याच पर्वात त्याने आपल्या मुलाला, ट्रंक्सला, छातीशी धरले आणि स्वतःचा जीव देऊन बूला संपवण्याचा प्रयत्न केला. अखेरच्या लढाईत पृथ्वीवरच्या सर्व माणसांकडून शक्ती मागून घेण्याची कल्पना त्याचीच होती आणि त्यासाठी लोकांना पहिली हाक त्यानेच दिली. लोकांनी त्याचे ऐकले नाही, ही गोष्ट वेगळी. नाचणाऱ्या व्हेजिटाच्या मागे हे सगळे उभे आहे.

आणखी एक कारण कथेबाहेरचे आहे. या पात्राचे जनक अकिरा तोरियामा मुळात विनोदी चित्रकथाकार. ‘ड्रॅगन बॉल’ 1984 साली सुरू होण्यापूर्वी ‘डॉक्टर स्लंप’ या निखळ विनोदी मालिकेने त्यांना नाव मिळवून दिले होते, आणि या चित्रपटाच्या कथेत त्यांनी स्वतः लक्ष घातले होते. त्यामुळे हसू आणि भीती एकाच प्रसंगात आणणे हे त्यांच्या हातचे काम आहे, कोणा उपऱ्याने केलेली मोडतोड नव्हे.

थोरल्याचे एक म्हणणे मात्र मी मान्य करेन. ‘सुपर’ मालिकेत पुढे व्हेजिटाचा ताठा केवळ हशा पिकवण्यासाठी काही वेळा वापरला आहे. बीरूसचा गुरू व्हिस याने आपल्याला शिष्य करून घ्यावे म्हणून तो त्याला खाऊपिऊ घालून खूश करू पाहतो, हे तिथे विनोदासाठीच येते. गुरूपुढे नमते घेताना अशा माणसाच्या मनात काय चालत असेल, ते दाखवण्याची संधी हातची गेली आहे. कुटुंबाबरोबर सहलीला जाण्याचा प्रसंग मात्र मी त्यात धरत नाही, कारण त्यामागे दिलेला शब्द आहे. सरावात माझ्या चेहऱ्यावर एक ठोसा मारून दाखवलास तर तुला फिरायला नेईन, असे त्याने ट्रंक्सला पूर्वीच सांगितले होते आणि पोराने तो मारलाही होता.

धाकट्याला नाचू द्यावे. फक्त नाचाआधी त्याने हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या पाडून, कोणाकडेही न पाहता थोडा वेळ उभे राहावे, आणि नाच संपताच पुन्हा तसेच उभे राहावे. तेवढे साधले, तर ज्यांनी मालिका पाहिलेली नाही अशा आजी-आजोबांनाही हा माणूस कोण आहे ते कळेल.

आपल्याला पाहायचे असेल, तर पहिल्यापासून सगळे पाहण्याच्या भानगडीत पडू नका. ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही आधीची मालिकाच 291 भागांची आहे. नामेकवर फ्रीझाशी झालेल्या लढाईतला व्हेजिटाचा मृत्यू, त्यानंतर बूच्या पर्वात तो ट्रंक्सचा निरोप घेतो तो भाग, मग त्याच पर्वाच्या शेवटी तो मनातल्या मनात गोकूला पहिला क्रमांक देतो तो भाग, आणि मग ‘बॅटल ऑफ गॉड्स’, या क्रमाने पाहावे. थोरल्याला शेजारी बसवून घ्यावे. कोणता भाग कुठे आहे, हे त्याला तोंडपाठ असेल.