शेकाने गोळीचा असर जातो का?

प्रश्न : यजमानांना गुदाशयाच्या कॅन्सरसाठी सोमवार ते शुक्रवार शेक (रेडिएशन) देतात. जोडीला सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. नाश्ता करून गोळी घेतली की तासाभरात आम्ही रिक्षाने निघतो. जाऊबाई म्हणतात, किरणांनी औषध फुटून वाया जातं, गोळी शेकानंतर द्या. खरं का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जाऊबाईंना हसू नका. किरणांनी रेणू तुटतात, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो किती, हा.

मी पंचवीस वर्षं रेडिएशनच्या मशिनींची मापं घेतली आणि ‘शेक’ या शब्दाशी भांडत आले. एका वेळचा नेहमीचा डोस 2 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) आसपास, म्हणजे किलोमागे 2 ज्यूल ऊर्जा. तेवढ्यानं लिटरभर पाणी अर्धा सहस्रांश अंशसुद्धा तापत नाही. चहाचं आधण ठेवाल तर जन्म जाईल!

मग गाठ मरते कशी? किरण वाटेत इलेक्ट्रॉन उडवत जातात. शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे फुटतं मुख्यतः पाणी, आणि त्याचे तुकडे डीएनएला डसतात. 1 ग्रेमागे एका पेशीत डीएनएच्या दोन पदरांपैकी एखादाच, असा हजारेक ठिकाणी तुटतो. दोन्ही पदर एकदम तुटतात ते तीस-चाळीस जागीच, पण पेशीला भोवतं तेच. तुमच्या गोळीचं शरीरात फाइव्ह-एफयू हे कॅन्सरवरचं औषध होतं आणि ते डीएनए बांधायला लागणाऱ्या थायमिन या घटकाचा पुरवठा अडवतं. किरणांनी फाडायचं, औषधानं शिवू द्यायचं नाही. पाण्या-प्रथिनांच्या त्या गर्दीत औषधाचे रेणू फुटतात ते नगण्य.

उलट, काही रेणू फुटावेत म्हणूनच वापरून पाहिले गेले. ब्रोमोयुरासिल हा थायमिनचा तोतया. भाऊसाहेबांच्या तोतयासारखा बेमालूम डीएनएत शिरतो. किरणांनी उडवलेला एखादा मंद इलेक्ट्रॉन चिकटला की त्याचं ब्रोमीन सुटतं आणि उरलेला अर्धवट तुकडा शेजारचा धागा ओरबाडतो. असे मंद इलेक्ट्रॉन साध्या डीएनएलाही तोडतात, हे कॅनडातल्या लेऑं सांश यांच्या गटानं 2000 साली दाखवलं.

तेव्हा वेळ बदलू नका. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत गोळी, दोन गोळ्यांत साधारण बारा तास. शनिवार-रविवारी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत पाहा. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटले किंवा जुलाब थांबेनात, तर मात्र पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.