फळी फेकतो तो फलंदाज

प्रश्न : अमेरिकी बेसबॉलमधला १९६८ चा मोसम 'पिचरचं वर्ष' म्हणून ओळखला जातो. मराठीत 'गोलंदाजांचे वर्ष' असा मथळा चालेल का? काहींच्या मते पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू, तो चक्क फेकतो, म्हणून त्याला 'क्षेपक' म्हणावं.

उत्तर : चालेल. 'क्षेपक' सुचवणाऱ्या विद्वानांनी मात्र आधी कोश उघडावा. क्षेपक म्हणजे पोथीत कुणीतरी मागाहून घुसडलेला मजकूर. ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू सोडणाऱ्या माणसाला घुसडलेली ओवी म्हणायचं? त्याहून डोकं फिरतं ते 'फर्स्ट पिच'चं 'पहिली खेळपट्टी' झालेलं वाचून. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे टाकलेला चेंडू. खेळपट्टी तिथे नसतेच.

कोपर वाकतं की नाही ही क्रिकेटच्या पंचांची काळजी, शब्दाची नव्हे. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. तीर फेकतो तो तिरंदाज, बर्क म्हणजे वीज, ती फेकतो तो बरकंदाज, आणि गोळा फेकतो तो गोलंदाज, म्हणजे तोफखान्यातला माणूस. पेशव्यांच्या तोफखान्यावर पानसे होते. त्यांचे गोलंदाज काय कोपर ताठ ठेवून गोळे डागत होते?

उलट बेसबॉलमध्येच सुरुवातीला फेकायची बंदी होती. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांत स्पष्ट आहे : चेंडू टाकायचा, फेकायचा नाही. हात खालून, आणि चेंडू समोरच्याला मारता येईल असा. पुढे १८८६ पर्यंत तर चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाज मागून घ्यायचा आणि पिचर पंगतीतल्या वाढप्यासारखा तो पुरवायचा. १८८४ साली नॅशनल लीगने (तिथल्या आजच्या दोन मुख्य लीगपैकी जुनी; दुसरी अमेरिकन लीग) खांद्यावरून हात फिरवायची मुभा दिली, तेव्हा कुठे तो गोलंदाज झाला. मग इतका डोईजड झाला की १८९३ साली त्याला फलंदाजाच्या जागेपासून ६० फूट ६ इंचांवर मागे ढकलावं लागलं. लगेच पुढच्या मोसमात लीगची सरासरी .३०९ वर गेली, म्हणजे फलंदाजीच्या हजार संधींमागे ३०९ हिट (हिट म्हणजे ज्यावर फलंदाज सुखरूप बेस गाठतो असा फटका; बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे).

पण मला खरा आनंद देणारा शब्द 'फलंदाज'. गोलंदाजाच्या तालावर फळीला 'अंदाज' जोडून तो घडवला. घडवणाऱ्याने फारसीचा विचार केला नसावा, कारण अक्षरशः अर्थ होतो 'फळी फेकणारा'. क्रिकेटमध्ये हे हास्यास्पदच. तिथला गडी बॅट घेऊन धावतो आणि तिच्याच टोकाने क्रीज गाठतो. बेसबॉलमध्ये मात्र हिट बसली की बॅट टाकूनच पहिल्या बेसकडे पळतात. २०१५ च्या ऑक्टोबरात टोरंटोच्या होसे बॉटिस्टाने टेक्सासविरुद्ध होम रन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) मारून बॅट अशी भिरकावली की तो चेंडू कुठे गेला यापेक्षा बॅटचीच चर्चा जास्त झाली. अमेरिकेतले पिचर अशा फेकीवर डूख धरतात. कोरियात मात्र तो कौतुकाचा भाग आहे, आणि तिथे त्याला जे नाव आहे ते 'बॅट' आणि 'फेकणे' जोडूनच केलेलं आहे. म्हणजे शब्दशः फलंदाजी! कोशकार म्हणतील, 'अंदाज' इथे नुसता प्रत्यय उरलाय, मूळ अर्थ केव्हाच झिजलाय. म्हणू देत. आपला शब्द क्रिकेटला उसना दिला होता, त्याचा खरा धनी बेसबॉलमध्ये बसलाय, असं माझं ठाम मत आहे.

हां, १९६८. त्या वर्षी सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी १.१२ रन दिल्या, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून. अमेरिकन लीगमध्ये कार्ल यस्ट्रेम्स्की नुसत्या .३०१ वर अव्वल फलंदाज ठरला. दोन्ही लीग मिळून सरासरी .२३७. म्हणून फलंदाजाच्या सोयीसाठी १९६९ पासून स्ट्राइक झोन (ज्या पट्ट्यातला चेंडू न मारताही फलंदाजाच्या विरोधात मोजतात तो) आक्रसला आणि पिचरच्या पायाखालचा मातीचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. या उंचवट्याला सगळे 'माउंड' म्हणतात, कुणी 'टेकडी'. दहा इंचांची टेकडी! तोफा चढवायला रचलेल्या मातीच्या उंचवट्याला आपल्याकडे 'दमदमा' म्हणत. कोलकात्याचं डमडम त्यावरूनच आलं असं मानतात, आणि बंगालच्या तोफखान्याचा तळ तिथेच होता. गोलंदाज दमदम्यावर उभा राहणार, आणखी कुठे? तेव्हा १९६९ साली दमदमा पाच इंच खचवला आणि सरासरी .२४८ वर आली, असं लिहा.

पारडं तिथे स्थिरावलं नाहीच. २०१८ साली मोसमातले स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) पहिल्यांदाच हिटपेक्षा जास्त झाले. २०२३ साली पिचरवर घड्याळ लावलं : बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करायची.

एक राहिलंच. पिचरच्या हातातली फळी अमेरिकन लीगने १९७३ साली काढून घेतली आणि त्याच्या जागी मारायला वेगळा माणूस दिला. नॅशनल लीगनेही २०२२ पासून कायमचं तेच केलं. उरला शोहेई ओतानी, जो गोळाही फेकतो आणि फळीही. त्याला वर्तमानपत्रं 'अष्टपैलू' म्हणतात. तो क्षेत्ररक्षणाला क्वचितच उभा राहतो. मोजून दोन पैलू, बाकीचे सहा कुठून आणले?