पाण्यात बोटांना सुरकुत्या का पडतात?
हाच प्रश्न माझ्या भाचीने गोव्यातल्या केसरव्हाळच्या झरीवर विचारला होता, अर्धा तास डुंबून झाल्यावर बोटं माझ्यासमोर धरली, टोकं अगदी मनुक्यासारखी. सगळ्यांना वाटतं कातडी पाणी पिऊन फुगते, पण मुख्य काम नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं असतं, ते बोटातल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि मग वरची कातडी आत ओढली जाते. म्हणून तर बोटाची नस तुटलेली असेल तर सुरकुत्या पडतच नाहीत, डॉक्टर लोक यावरून नस तपासायचे! २०१३ साली इंग्लंडमध्ये केलेल्या एका प्रयोगात सुरकुत्या पडलेल्या बोटांनी पाण्यातल्या गोट्या जास्त पटापट उचलता आल्या, टायरच्या खाचांसारखंच समजा. मुलांना कोमट पाण्याची बादली देऊन हे नक्की करून दाखवा.