पेडल गेलं, क्लच तिथेच आहे

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गिअर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीवर आहेत: दमदार गाडी घ्यायची तर हाताने गिअर टाकायची घ्यावी की ड्युअल क्लचची? विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सहा वर्षं साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअर कापायच्या मशीनवर काढली आणि पुढची वीस स्वतःच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडण्यात गेली. म्हणून या वेळी चारही प्रश्न याच विषयाचे घेतले आहेत.

मी वाईचा. नोकरी पुण्यात, दर शनिवारी घरी येतो. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटरचं इंजिन, इथपर्यंत नक्की केलंय. पण सहा गिअरची मॅन्युअल घेऊ की सात गिअरची डीएसजी, यावर घरात दोन तट पडलेत. मित्र म्हणतात, मॅन्युअल आता कोण घेतं! रविवारी पहाटे पसरणी घाटातून पाचगणीला जाऊन येणं हा माझा एकमेव छंद. (एक वाचक, वाई)

वेगाच्या बाबतीत तुमचे मित्र बरोबर आहेत, ते आधीच मान्य करतो. गिअर बदलण्यात डीएसजीला, म्हणजे फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लचला, हरवणं माणसाच्या हातापायांना शक्य नाही. तिच्यात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, फक्त त्याचा क्लच अजून धरलेला नसतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच दमात दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ताकद मधे तुटत नाही. मॅन्युअलमध्ये माणूस कितीही चपळ असो, क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत इंजिन चाकांपासून सुटलेलंच असतं.

गफलत होते ती पुढे. लोक डीएसजीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या ऑटोमॅटिकसारखी चालवतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं. गाडी इंचाइंचाने सरकली तरी घुसळलं जातं ते तेल; ते तापतं आणि कूलरमधून फिरून थंड होतं. ड्युअल क्लचमध्ये मधे प्लेटच आहे, तुमच्या वडिलांच्या गाडीत असेल तशीच. पायाखालचं पेडल गेलं, क्लच तिथेच आहे. दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्र आलं, एवढाच फरक.

हे मी पसरणी घाटातच भोगलंय. तीन वर्षांपूर्वी, नाताळच्या सुट्टीत. गाडी माझीच, कोरड्या (प्लेटा तेलात न बुडालेल्या) क्लचची; कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. वाई सोडली आणि पहिल्या चढापासूनच पर्यटकांची रांग लागली. ब्रेक सैल करायचा, गाडी चार फूट सरकू द्यायची, थांबवायची, पुन्हा चार फूट. दोनदा तर मागे घसरू नये म्हणून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवरच धरून ठेवली. चाळीस मिनिटांनी थरथर सुरू झाली, खडीवरून बैलगाडी जावी तशी, सीटमधून पाठीला जाणवणारी. मग समोर गिअरबॉक्स तापल्याची खूण उमटली आणि पहिला गिअर धरेना. मागच्या सीटवर आई आणि बायको. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि अर्धा तास कठड्याला टेकून उभा राहिलो. पुढून जळक्या क्लच प्लेटचा वास येत होता. दुसऱ्यांच्या गाड्यांना मी तो वास कितीदा ओळखलाय! गाडी घेताना विक्रेत्याने सांगितलं होतं, “घाटात काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं.” हे असं सांगून गाडी विकतात याचा मला अजून राग आहे.

चढावरच्या रांगेत काय करायचं ते सांगतो. पुढच्या गाडीला पंधरा-वीस फूट जाऊ द्या. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. मग ब्रेक पूर्ण सोडून तेवढं अंतर एका दमात तोडा आणि पुन्हा ब्रेक पूर्ण दाबा. ब्रेक नीट दाबला की क्लच मोकळा होतो. अर्धवट दाबून सरकत राहिलात तर तो घासत राहतो. गिअर मॅन्युअल मोडवर घेऊन पहिल्यातच ठेवा, म्हणजे जरा वेग आला की लगेच दुसरा पडणार नाही.

तुमच्या गाडीविषयी एक गोष्ट ध्यानात घ्या. व्हर्टसची डीएसजी कोरड्या क्लचची आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, पेलण्याची तिची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि हे इंजिनही २५०च देतं. फोक्सवॅगनच्याच जुन्या सहा गिअरच्या डीएसजीत प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, तिची मर्यादा ३५०. याचा अर्थ तुमची बिघडेल असा नाही. पण उद्या कोणी ‘सॉफ्टवेअर टाकून पिकअप वाढवतो’ म्हणाला तर त्याला हात जोडा.

आता निर्णय. तुम्ही मॅन्युअल घ्या. रविवारी सकाळी सहाला पसरणी रिकामा असतो. वळणाआधी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक हलका ठोका, डाव्या पायाने क्लच, हाताने तिसऱ्यावरून दुसरा. इंजिनाचे फेरे बरोबर जुळले तर क्लच सोडताना काहीच कळत नाही, गाडी मानसुद्धा हलवत नाही. चुकले तर पुढची चाकं कुरकुरतात आणि पुढच्या वळणाला तुम्ही ते सुधारता. ज्याचा एकमेव छंद तो घाट आहे, त्याने ही मजा यंत्राच्या हवाली करू नये. कात्रज ते खेड शिवापूर शनिवारी संध्याकाळी डावा पाय भरून येईल, ही किंमत आहे. तुम्ही रोज पुणे-सातारा करत असता, तर मीच तुम्हाला डीएसजी घ्यायला सांगितलं असतं.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. “डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नाही,” असं ते नेहमी म्हणायचे. आता महागड्या गाड्यांत जे ड्युअल क्लच म्हणतात ते तेच का? (एक वाचक, कोरेगाव)

तेच नाही. पण नातं आहे, आणि तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला.

जुन्या बसच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नव्हते. सिंक्रो म्हणजे पितळेची एक निमुळती कडी. दोन फिरणाऱ्या भागांचा वेग घासून सारखा करायचा आणि मग दात एकमेकांत शिरू द्यायचे, हे तिचं काम. ती नसेल तर वेग ड्रायव्हरने जुळवायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. एका गिअरसाठी क्लच दोनदा, म्हणून डबल क्लच. चुकलं की खर्रर्र आवाज आणि मागचे प्रवासी पुढे वाकून बघणार. मला हे एका निवृत्त एसटी ड्रायव्हरने शिकवलं, कुंभार्ली घाट उतरताना, रिकाम्या ट्रकमध्ये. ते लिव्हर कधी मुठीत धरत नसत. दोन बोटं नुसती टेकवलेली. “तो आत ओढून घेतो तेव्हा जा, ढकलू नको,” म्हणायचे. वेग जुळला की लिव्हर खरंच बोटांतून आपोआप आत जातो.

ड्युअल क्लच म्हणजे वर सांगितले तसे दोन वेगळे क्लच. पण खालच्या गिअरवर येताना ही गाडीही आधी इंजिनाचे फेरे वाढवते आणि मगच क्लच धरते. स्पोर्ट मोडमध्ये तो ‘व्रूम’ ऐकू येतो ना, तो हाच. तुमचे वडील पन्नास माणसं मागे बसवून कानाने जे जुळवत होते, तेच काम आज सेन्सर करतो.

सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फेरारीने मॅन्युअल बंद केली, पोर्शेने मात्र ९११ जीटी३ या गाडीत ती बंद करून पुन्हा सुरू केली. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या उलट का वागल्या? (एक विद्यार्थिनी, सांगली)

फेरारीची वाट रेसमधून आलेली. १९८९ साली त्यांच्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीत गिअर स्टिअरिंगमागच्या, बोटांनी ओढायच्या पात्यांवर आले आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली. त्यात क्लच एकच होता, हे लक्षात ठेव. पाती आणि ड्युअल क्लच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९७ मध्ये एफ३५५ मधून पाती रस्त्यावर आली आणि २००८ च्या कॅलिफोर्नियात ड्युअल क्लच आला. वेळ हाच निकष धरला की हाताच्या गिअरला जागा उरत नाही.

पोर्शे ड्युअल क्लचमध्ये फेरारीच्या कितीतरी आधीची. कल्पना फ्रेंच इंजिनियर अडॉल्फ केग्रेस यांची, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची. पण क्लच अचूक वेळी सोडायला-धरायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. १९८० च्या दशकात पोर्शेने ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांत तिची कसोटी घेतली. साध्या ग्राहकाच्या हाती ती आली २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून, आणि ९११ मध्ये २००८ साली.

मग २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर आली. पीडीके हे पोर्शेच्या ड्युअल क्लचचं नाव. गाडी आधीपेक्षा वेगवान, तरी जुने चाहते दुखावले. २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या, आणि तिच्यासाठी झुंबड उडाली. २०१७ मध्ये जीटी३ला मॅन्युअल परत मिळाली. त्यानंतरच्या पिढीचे आकडे बघ. शून्य ते शंभर: पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. वजन: पीडीके १,४३५ किलो, मॅन्युअल १,४१८. आणि कमाल वेग मॅन्युअलचा ३२०, पीडीकेचा ३१८. अर्धा सेकंद हळू असलेली गाडी लोक मुद्दाम मागून घेतात, कारण त्यांना तो अर्धा सेकंद स्वतःच्या हातात हवा असतो. पोर्शेला हे समजलं, असं मी मानतो.

अभ्यासासाठी एक प्रश्न तुला देतो. ड्युअल क्लच पुढचा गिअर अंदाजाने लावून ठेवतो. गाडी चौथ्यात असताना तुला एकदम दुसरा हवा झाला तर? दोन्ही एकाच क्लचवर आहेत. मग अदलाबदल कशी होणार? कागदावर दोन शाफ्ट काढ आणि तिसऱ्याचा आधार कसा घेता येईल ते शोध.

२०२१ ची ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन डीसीटी (ड्युअल क्लचची) बघतोय, ४५ हजार किलोमीटर चाललेली. बाहेरून चकाचक आहे. काय तपासू? (एक वाचक, कराड)

मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी गाडी सुरू करू नका. तापवून ठेवलेली गाडी बरंच लपवते. थंड गाडी आधी रिव्हर्समध्ये हलक्या चढावर घ्या, ॲक्सिलरेटर न देता, नुसत्या ब्रेकवर. थरथरली तर प्लेट एकसारखी घासलेली नाही. मग बाजारच्या गर्दीत वीस मिनिटं फिरवा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना धक्का बसतो का, ब्रेक सोडल्यावर गाडी लगेच सरकते की क्षणभर विचार करून उडी मारते, हे बघा. हायवेवर पन्नासला चौथा धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे वाढले आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मग गाडी बाजूला सोडा. किंमत पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. दोन क्लचची जोडी हे साध्या क्लच प्लेटसारखं चार-आठ हजारांचं काम नाही.

स्कॅनर लावून क्लच किती झिजलाय त्याचे आकडे वाचता येतात, ते कागदावर घ्या. सर्व्हिसची बिलं मागा.

आणि आधीचा मालक कुठे राहायचा ते विचारा. हायवेवर ४५ हजार झालेली गाडी जवळपास कोरी असते. तेच ४५ हजार जर शहरात, बेसमेंट पार्किंगच्या उभ्या चढावर रोज दोनदा रेंगाळत झाले असतील, तर किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. साताऱ्याला घेऊन येणार असाल तर रात्री मुक्कामालाच या. सकाळी इंजिन थंड असतानाच यवतेश्वरच्या चढावर लावून बघू.